उंदराच्या दाढेतली फट

चाळीसगावहून निघालेली एसटी कन्नडच्या घाटात दोनदा तापली, तरी माझा उत्साह काही थंड झाला नाही. माझी भाची मुक्ता संभाजीनगरला दंतशास्त्रात संशोधन करते आणि आज तिच्या उंदरांच्या दाढा मोजायच्या होत्या. असं निमंत्रण कुठल्या मावशीला मिळतं?

स्टँडजवळ मुक्ताने आधी इमरती (जिलबीची जाडजूड, उडदाची बहीण) खायला घातली आणि खाता खाता समजावलं. मार लागून हललेला दात पुढे तारेने सरकवला तर सरकतो का, त्याचं मूळ टिकतं का, हे आधी उंदरांत पाहायचं. त्यासाठी एका दाढेला मुद्दाम मार देऊन तिला बारीक स्प्रिंग बांधलेली. कडक खाद्य चावलं की ती तुटते, म्हणून त्यांना भिजवलेलाच घास. "मागची खेप अशीच वाया गेली, मावशी. ही गेली तर माझं वर्ष गेलं."

प्राणिगृहात पिशोरच्या जनाकाकू हसतमुखाने समोर आल्या. उंदरांना खाऊ घालणारा नेहमीचा माणूस रजेवर, म्हणून त्या बदली कामावर होत्या.

"मॅडम, कालचं भिजवलेलं लई आंबलं व्हतं. फेकून दिलं. मुक्या जीवाला शिळं कसं घालायचं? सकाळी ताजं, कोरडं घातलं बघा."

मुक्ता मटकन स्टुलावर बसली.

मग एकेका उंदराला गुंगी देऊन तोंड उघडणं सुरू झालं. पहिल्याची स्प्रिंग जागेवर. दुसऱ्याचीही! पिंजरे पाहिले, तर कोरड्या खाद्याला कुणी तोंडच लावलं नव्हतं. मऊ घासाला सोकावलेली मंडळी सकाळपासून रुसून बसली होती.

"इतकं तर आमचे मालक बी रुसत नाय!" जनाकाकू म्हणाल्या.

मुक्ताने मार लागलेल्या दाढेशेजारी फट मोजायची पातळ पट्टी सरकवली. ती अलगद आत गेली. दाढ सरकली होती! दातांत फट पडली म्हणून आम्ही तिघी लाज सोडून नाचलो.

परतीच्या एसटीत मी एकटीच हसत होते. घाट लागला तेव्हा मात्र मनात आलं, ह्या आनंदात उंदरांना कुणी विचारलं नव्हतं. प्रयोग संपला की ते उरणार नाहीत, हे मुक्ताने निघताना सांगितलं होतं. म्हणूनच बहुधा मोजणी आटोपताच ती आधी खाद्य भिजवायला बसली, आणि जनाकाकू शेजारी बसून ते बोटांनी मऊ कुस्करत राहिल्या.