मुलुंडच्या मैदानावर मी आणि माझी चेनसॉ

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. बघ, तू आत्ताच हसायला लागलास! अरे, अजून मी तोंड तरी कुठे उघडलंय? आणि तो चहा खाली ठेव, नाहीतर नाकातून येईल.

तर, मी चेनसॉच्या शर्यतीत उतरलो होतो. हो, तीच ती, झाडं कापायची पेट्रोलवरची करवत. अंधेरीच्या विमा कचेरीत बसून आयुष्यभर पेनाचं टोपणसुद्धा जपून काढणारा मी!

मशीन घेतली होती गावच्या बागेसाठी. मे महिन्यात देवगडला तिने फणसाची एक वाळकी फांदी काय झकास कापली म्हणून सांगू! तिथेच मी प्रेमात पडलो आणि मशीन थेट मुलुंडला घेऊन आलो. आमच्या बाल्कनीत एक तुळस आणि एक कोरफड. त्यांच्यासाठी चेनसॉ! नीला म्हणजे आमची बायको. तिने लगेच तुळस उचलून हॉलमध्ये नेली.

भडकला तो भाई. भाई म्हणजे माझा चुलतभाऊ, गावची बाग तोच बघतो. दसऱ्याच्या आधी मशीन न्यायला म्हणून तो मुंबईत येऊन धडकला.

"तुका रे हयसर कित्याक व्हयी मशीन? फ्लॅटात काय कोथिंबीर कापतलंस?"

मी म्हटलं, "भाई, मी शर्यतीत नाव दिलंय. मैदानावर बागकामाच्या अवजारांचं प्रदर्शन आहे, तिथे हौशी लोकांची शर्यत आहे. जो ओंडका आधी कापेल तो जिंकला."

भाई पोट धरून हसला. "जिंकतलंस? तू एक ओंडको नुसतो कापून दाखय, मशीन तुझी. नायतर माझ्यावांगडा गावाक येतली!"

"ठरलं!" मी म्हटलं. आता इज्जतीचा सवाल होता, यार. मशीन गेली तर गेली, पण भाई पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात हे सांगत फिरला असता.

सराव कुठे करणार? सोसायटीत मशीन चालू केली असती तर सेक्रेटरीने आधी मलाच कापलं असतं. मग मशीन बंद ठेवून हॉलमधल्या लोडावर सराव सुरू केला. आवाज तोंडाने काढायचा. घर्रर्रर्र! खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर येऊन नीलाला हळूच विचारून गेल्या, "भावजींची तब्येत बरी आहे ना गं?"

त्यात आला दसरा. खाली सगळे आपापल्या स्कूटर आणि गाड्या धुऊन हार घालत होते. मला चेव चढला. यांची नुसती वाहनं, माझं तर खरंखुरं शस्त्र! मशीनची चेन काढली, जुन्या टूथब्रशने तिचा एकेक दात घासला, पुसली, परत बसवली.

"स्वतःचे कधी इतके घासले नाहीत," नीला म्हणाली.

हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, वर आपट्याचं पान ठेवलं. मशीन अशी सजली की भाईनेसुद्धा हात जोडले.

रविवारी मैदानात उतरलो. हेल्मेट, चष्मा, हातमोजे, सगळा सरंजाम! लाकडी घोड्यांवर, म्हणजे चारपायी स्टँडवर, ओंडके मांडून ठेवले होते. माझ्या शेजारी बोरिवलीच्या एक बाई होत्या, गच्चीवर बाग करणाऱ्या. म्हटलं, यांना तर सहज मागे टाकतो. पहिल्या रांगेत नीला आणि भाई बसले होते.

शिट्टी वाजली. घर्रर्रर्र! काय तो आवाज, काय तो धूर! मी मनात म्हटलं, वा, काय ताकद आहे! तेवढ्यात बाईंच्या ओंडक्याची चकती टपकन खाली पडली. माझ्या ओंडक्यावर फक्त एक काळा डाग.

"लाकूड बदला!" मी ओरडलो. "हे लोखंडासारखं आहे!"

पंच भला माणूस होता. बाईंच्या ओंडक्याचा उरलेला तुकडा त्याने माझ्या घोड्यावर चढवला. परत शिट्टी, परत घर्रर्र, परत धूर. परत काळा डाग.

"पेट्रोल भेसळीचं आहे!"

पेट्रोल बदललं. तरी तेच! आता माणसं इतर स्टॉल सोडून माझ्याभोवती जमली. माइकवाला म्हणाला, "बघा मंडळी, काका लाकडाला शेक देतायत!"

तुम्ही असता तर सोडून दिलं असतं. मी सोडणाऱ्यातला आहे का? चूक ना लाकडाची, ना पेट्रोलची, म्हणजे माझाच जोर कमी पडतोय, असा मी निष्कर्ष काढला. पाय रोवले, दात-ओठ खाल्ले, पोटासकट सगळं वजन मशीनवर टाकलं. धुरात मला ओंडका दिसेना आणि लोकांना मी दिसेना!

आणि त्या धुरातून भाईची किंकाळी आली.

"अरे मेल्या, बस कर! माझी मशीन जाळतलंस! चेन उलटी आसा ती!"

मी मशीन बंद केली. चष्मा पुसून बघितलं. दसऱ्याला घासूनपुसून बसवलेली चेन खरंच उलटी होती! सगळे दात मागे तोंड करून बसलेले. हळदीकुंकू मात्र जागच्या जागी.

"भाई, तुला कधी कळलं?"

"दसऱ्याकच," भाई मान खाली घालून म्हणाला.

"आणि नुसते हात जोडून गप्प बसलास?"

"मशीन व्हयी होती रे माका!"

बघितलंत? हा माझा सख्खा चुलतभाऊ! माझं रक्त असं तापलं म्हणून सांगू! मशीन थंड होईपर्यंत मी पंचाच्या हातापाया पडलो, चेन सुलट केली आणि शेवटची एक संधी मिळवली. शिट्टी वाजली. मी पाय रोवले, दात-ओठ खाल्ले आणि पोटासकट सगळं वजन टाकलं.

आता चेन सुलट आहे हे डोक्याला माहीत होतं. पोटाला कोण सांगणार?

ओंडका लोण्यासारखा कापला गेला. त्याच झटक्यात खालचा घोडाही कापला गेला. दोन्ही तुकडे गडगडत पहिल्या रांगेकडे निघाले आणि भाई धोतर सावरत खुर्चीवर चढला.

"घोडा कापला, स्पर्धक बाद!" पंच ओरडला.

"ओंडका कापला की नाही ते बोल, भाई!" मी ओरडलो.

"कापलो रे बाबा, कापलो! मशीन तुझी! पण आधी ती बंद कर!"

जिंकलो! घामाने निथळत, छाती पुढे काढून मी नीलाकडे गेलो. "बघितलंस? मशीन घरीच राहणार!"

नीलाने आधी त्या कापलेल्या घोड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"राहू दे की," ती म्हणाली. "पण घरात घ्यायच्या आधी चेन परत उलटी बसवा."