तक्रारीचा रिकामा रकाना

डॉ. श्रीनिवासरावांची आणि माझी पहिली भेट नोकरीच्या निमित्ताने झाली. मुली शाळेत रमल्या होत्या, घरात दुपारी करमत नव्हते, आणि नगरमधल्या त्यांच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायला कोणीतरी हवे होते. मूत्रविकारांचा दवाखाना आहे, संकोच वाटेल का, असे त्यांनी विचारले. मी नाही म्हटले. ते खरे नव्हते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शरीरशास्त्राचा तो धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिला होता आणि घरी मी तो वाचलाच नव्हता.

पहिल्याच आठवड्यात एका आजोबांच्या केसपेपरवर मी ‘खालचा त्रास’ असे लिहिले. सर कागद घेऊन बाहेर आले. “बाई, खाली पायसुद्धा असतात,” म्हणाले. मग हळू आवाजात सांगितले, “लिंग लिहा. आपण गुडघा लिहितो, तसंच.” त्या दिवसापासून मी लिहू लागले. धीट झाले, असे मला वाटले.

त्या धीटपणातूनच माझ्या हातून एक चूक घडली. ती सरांच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने इथे सांगते, कारण सर कोण आहेत हे मला तिच्यामुळे कळले. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांनी ती सांगायला परवानगी दिली आहे. नाव मात्र बदलले आहे.

श्रीगोंद्याकडचे एक ऊस बागायतदार खिडकीवर आले. वय पन्नाशीचे. नाव, गाव सांगून झाल्यावर मी भरल्या बाकांसमोर खणखणीत आवाजात विचारले, “तक्रार काय?” त्यांनी मागे वळून पाहिले. दात दुखतो, म्हणाले. दातांचा दवाखाना पलीकडे आहे, असे मी सांगितले. कोणीतरी हसले. ते केसपेपर तसाच खिशात घालून निघून गेले.

आठ महिन्यांनी त्यांच्या पत्नी आल्या. त्यांना आपण सुमनबाई म्हणू. पेटीत सापडलेला तो कागद त्यांच्या हातात होता, आणि त्यावरचा तक्रारीचा रकाना कोरा होता. “धा महिनं झालं, ह्ये मळ्यातल्या खोलीत निजत्यात,” त्या सरांना म्हणाल्या. “इचारलं तर अंगावर येत्यात. दिवाळीला भाऊ न्ह्यायला येनार हाय. गेले की मी काय परत यायची न्हाई. येकदा सांगा, हितं कशाला आल्ते?”

सरांनी त्यांना खरे ते सांगितले. कागद कोरा आहे, आणि भरलेला असता तरी तुमच्या यजमानांच्या माघारी मी सांगितले नसते, असे ते म्हणाले. त्यांना घेऊन या. ते न दाखवता परत गेले ही त्यांची चूक नाही, आमच्या खिडकीची आहे, एवढा निरोप द्या. मला सर एका शब्दाने बोलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात ती दोघे आली. मी खिडकीमागून उठून त्यांच्याजवळ गेले आणि मागच्या वेळी माझे चुकले, असे सांगितले. ते फरशीकडे पाहत होते. “तुमी तरी काय करनार,” म्हणाले, “रकाना हुता ना.”

ते एकटेच आत गेले. बऱ्याच वेळाने, त्यांच्या होकाराने, सरांनी सुमनबाईंना बोलावले आणि त्यांना सोबत म्हणून मलाही. ताठरतेच्या वेळी लिंग एका बाजूला वाकत होते, दुखत होते, आणि हे वर्षभरापूर्वी सुरू झाले होते. सर म्हणाले, “सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावून हवा भरली, की ठिगळाची बाजू फुगत नाही, ट्यूब तिकडे वळते. आतल्या आवरणावर तसा एक कडक व्रण झालाय. हा कॅन्सर नाही, कुणाकडून लागलेला रोग नाही, आणि कुणाचं पाप नाही.”

सुमनबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. “म्हंजी दुसरं कुनी न्हाई?”

“अगं, हितं काय इचारतीस.”

“विचारू द्या,” सर म्हणाले. “त्यासाठीच आल्यात त्या.”

सुमनबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या आणि हसता हसता रडल्या.

सरांनी शस्त्रक्रियेची घाई केली नाही. दुखणे थांबून बाक स्थिर होईपर्यंत ती करायची नसते, हे त्यांनी समजावले. रक्तातली साखर वाढलेली निघाली, तिच्यावर उपचार सुरू केले. पुढच्या काही महिन्यांत दुखणे गेले, थोडा बाक राहिला. शस्त्रक्रियेचे फायदे-तोटे, लांबी थोडी कमी होऊ शकते हेसुद्धा, सरांनी स्पष्ट सांगितले. नवरा-बायकोने आपसात विचार केला आणि नको म्हणून सांगितले. आता अडत नाही, एवढेच त्यांनी कळवले. भाऊ दिवाळीला आला होता. फराळ करून एकटाच परत गेला.

त्यानंतर सरांनी खिडकीवरच्या केसपेपरातून तो रकानाच काढून टाकला. तक्रार आता फक्त आत, दार लावून विचारली जाते. आणि सर स्वतः बाहेर जाऊ लागले. साखर कारखान्यावर, राहुरीकडच्या गावांत, जिथे चार पुरुष जमतील तिथे ते हेच साधेपणाने सांगत आले. थोडा बाक पुष्कळांना जन्मापासून असतो. दुखत नसेल, संबंधात अडचण नसेल तर त्याला औषध नको, लग्न मोडायचे तर कारणच नाही. पण बाक नव्याने आला, वाढू लागला, दुखू लागला, हाताला गाठ लागली किंवा संबंध जमेनासा झाला, तर डॉक्टरांकडे या. संबंधाच्या वेळी कट् आवाज होऊन ताठरता एकदम गेली, सूज आली, काळेनिळे पडले, तर तासाचाही उशीर करू नका. तेल, पट्टे, जाहिरातीतल्या पुड्या यांच्या नादी लागू नका. लोक आधी खाली पाहतात. मग एखादा प्रश्न विचारतो, आणि सर त्याला नाव न विचारता उत्तर देतात.

सर, आपण पंचाहत्तर वर्षांचे होत आहात. आपले गुडघे कुरकुरतात, हे मला माहीत आहे. ते आपण कुणाला दाखवत नाही, हेही माहीत आहे. कृपा करून दाखवा. माझ्या आवाजाने परतलेला एक माणूस बायकोने शोधून परत आणला. सगळ्यांच्या पेटीतला कागद असा कुणाला सापडत नाही. कुठल्यातरी मळ्यातल्या खोलीत आजही कोणी एकटा झुरत असेल, त्याला धीर यायला वर्षे लागतील. तो येईल तेव्हा दाराआड आपण बसलेले असावेत, ठणठणीत, आणि आपल्याजवळ भरपूर वेळ असावा, एवढेच मी देवाकडे मागते.