वल्ही उचलली तेव्हा

देवाशी माझं भांडण कधी नव्हतं, बोलणंच नव्हतं. सैन्यात वीस वर्षं काढली, त्यातली सहा डोंगरातल्या खळाळत्या नद्यांवर रबरी बोटी वल्हवण्यात गेली. मनगटात जोर असला की पाणी वाट देतं, एवढाच माझा धर्म. बायको देव्हाऱ्यापुढे बसली की मी म्हणायचो, माझ्या वाटणीचा नमस्कार तूच घाल. ती बिचारी घालायचीही. असा मी दीडशहाणा.

त्या श्रावणात कोयनेचं पाणी सोडलं, कृष्णा फुगली आणि सांगलीच्या वरच्या अंगाला असलेलं आमचं गाव चहूबाजूंनी पाण्यात अडकलं. हिला आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागतं. एक वार हुकला होता. दुसऱ्या वारी सकाळी तिचे पाय सुजून टम्म झाले, आडवं झालं की धाप लागू लागली. डॉक्टर फोनवर म्हणाले, आजच आणा, उद्यावर टाकू नका. ग्रामपंचायतीच्या रबरी बोटीचं इंजिन आदल्या दिवशीच जळालं होतं आणि सरकारी बोट दुसऱ्या गावात गुंतली होती. मी म्हटलं, वल्ही आहेत ना, मग झालं तर. शेजारचे गवंडी इक्बालभाई न विचारताच दुसऱ्या वल्ह्यावर येऊन बसले.

उसाच्या फडांवरून पाणी संथ होतं. शेंडे बोटीच्या तळाला घासत होते. खरी परीक्षा ओढ्यावर होती. पूल पाण्याखाली गेलेला, आणि त्याच्यावरून नदीची धार फेसाळत आडवी धावत होती. पलीकडे शंभरेक पावलांवर उंचावरचा डांबरी रस्ता आणि तिथं थांबलेली रुग्णवाहिका दिसत होती. पण धारेच्या खालच्या अंगाला, मारुतीच्या देवळापलीकडे, विजेच्या तारा पाण्याला टेकल्या होत्या. धार आपल्याला तिकडेच ओढणार, असा माझा हिशेब. म्हणून मी बोटीचं तोंड वर धरलं आणि इक्बालभाईंना म्हटलं, ओढा.

आम्ही जिवाच्या आकांतानं ओढत राहिलो. देवळाचं शिखर जिथल्या तिथंच दिसत होतं. मग ते हळूहळू जवळ येऊ लागलं, म्हणजे आम्ही मागे सरकत होतो. माझा उजवा खांदा भरून आला. ही बोटीच्या मधोमध दोर धरून बसली होती, श्वासासाठी तोंड उघडं ठेवून, माझ्याकडे बघत. तेव्हा मी घाबरलो. घरात निदान कोरडी तरी होती. मीच तिला आणून या पाण्यात घातलं होतं. मनातल्या मनात, आयुष्यात पहिल्यांदा, मी नदीला म्हणालो, आई, मला नाही जमत.

तेवढ्यात डावीकडच्या बुडालेल्या घराच्या स्लॅबवरून हाक आली. तिथं एक म्हातारा उभा होता, शेजारी म्हैस बांधलेली.

"आवं मेजर, वल्ही उचला. उगं झगडू नगासा."

"तारा हायत खाली," मी ओरडलो.

"तारंकडं न्हाई जात धार. दोन दिस झालं बघतूय मी. भोपळं, पिंपं, कडबा, समदं देवळामागंच जाऊन थांबतंय. उचला म्हंतो न्हवं."

माझं सगळं शिक्षण नको म्हणत होतं. इक्बालभाई माझ्याकडे पाहत होते. मी हिच्याकडे पाहिलं आणि वल्हं पाण्याबाहेर घेतलं; इक्बालभाईंनीही घेतलं. बोट गर्रकन फिरली, आडवी झाली, तारांच्या दिशेनं सुटली. मी डोळे मिटले, हे कबूल करायला आज लाज वाटत नाही. पाण्याचा आवाज एकदम कमी झाला तेव्हा उघडले. देवळाच्या भिंतीमागे, दोन पिंपं आणि पाचसहा भोपळ्यांच्या सोबतीनं, आमची बोट संथ पाण्यात डुलत होती. तिथून रस्ता चार वल्ह्यांवर होता. दुपारच्या आत हिला मशीन लागलं.

पूर ओसरल्यावर म्हाताऱ्याचे पाय धरायला गेलो. तो ओशाळला. म्हणाला, "म्या काय केलं? म्हस स्लॅबावर चढीवलीती, तिला टाकून कसं जायाचं? दोनदा बोट आली न्यायला, मी गेलो न्हाई. मग बसलोतो बघत." लोक त्याला हट्टी म्हणत होते. त्या हट्टाला मी काय म्हणू, मला कळत नाही. फक्त त्या दिवशी तो तिथं होता.

गावातल्या बायका कृष्णामाईची ओटी भरायला घाटावर निघाल्या तेव्हा हीही निघाली, आणि कधी नव्हे तो मीही मागोमाग गेलो. खण-नारळ पाण्यात सोडून ती पायरीवर टेकली. मी विचारलं, "बोटीत लय भ्याली हुतीस का गं?"

"व्हय," ती म्हणाली. "तुमी वढत हुता तवा तुमचं त्वांड बघून. आवं, वल्ही उचलली आन् माझं भ्याच गेलं."

मी वाकून पाण्याला हात लावला आणि माझ्या वाटणीचा नमस्कार मीच घातला.