जीजीची परतणी

जीजीच्या घरातली बाज माणसांसाठी नव्हतीच मुळी. तिच्यावर मिरची, वांगी, टमाट्यांची रोपं, तेलाच्या कापलेल्या डब्यांत दाटीवाटीनं बसलेली. जीजी आणि तिची लेक सुमन खाली सतरंजीवर. पाहुणा आला तर त्यानं उंबऱ्यावर टेकायचं आणि वर ऐकून घ्यायचं, "तुमाला पाय हायेत, रोपाला न्हाईत."

कनेरगाव नाक्यावर सडकेला लागून आमच्या दोघींच्या खोल्या, मधे एक भिंत. नव्वदच्या दशकातली गोष्ट. दोघींच्या दारापुढं मिळून अंगण म्हणजे जेमतेम बाज मावेल एवढं. फाल्गुन लागला की सकाळी हाक यायची, "मास्तरीणबाई, धरा पाय!" म्हणजे बाजेचे. मी मास्तरांची बायको, मास्तरीण नव्हे. पण ते तिला कोण सांगणार! रोपं कोवळ्या उन्हात ठेवायची आणि ऊन तापायच्या आत घरात घ्यायची, रोज थोडा थोडा वेळ वाढवत. त्यात माझी धुण्याची दोरी त्याच अंगणात. "तुमच्या पातळाची सावली पडून राहिली!" म्हणून ती भांडायची, मीही काही कमी नव्हते.

या आत-बाहेर करण्याला जीजी परतणी म्हणायची. नवी नवरी थोडे दिवस सासरी राहून माहेरी परतते, पुन्हा जाते, तसं. "एकदम धाडलं की पोरगी अन् रोप, दोन्ही माना टाकतेत." आमच्या घरात हा शब्द अजून चालतो.

आणि हीच बाई स्वतःच्या लेकीच्या वेळी चुकली! दिवाळीच्या सुमारास सुमनला नांदेडला नर्सिंगला प्रवेश मिळाला. हिंगोलीपल्याड कधी न गेलेली पोर, जीजीनं तिला एसटीत बसवलं आणि बजावलं, "शिकून झाल्याबिगर तोंड दाखवू नको." आठवड्यात सुमन दारात उभी, डोळे सुजलेले. "म्या न्हाई जाणार परत."

गावाला तेवढंच हवं होतं. नळावर एकीनं विचारलंच, "पळून आली काय गं तुही लेक?" पोरीचं शिक्षण आता इथंच संपतं, असं मला वाटलं.

जीजीनं घागर खाली ठेवली. "पळून काहून? परतणीला आली. राहील चार रोज, जाईल."

घरी आल्यावर मात्र माझ्याजवळ रडली. "रोपाचं कळतं ते मला पोरीचं कळलं न्हाई बघा." सुमनला तिनं भाकरी-ठेचा खाऊ घातला, डोक्यावर तेल थापलं, 'जा' म्हणून एकदाही म्हणाली नाही. शेवटी पोरगीच पिशवी भरायला लागली. "तकलीफ झाली की ये," जीजीनं सांगितलं. सुमन यायची, आधी दर आठवड्याला, मग पंधरवड्यानं, मग महिन्यानं.

फाल्गुनात आली तेव्हा एसटीत चढताना म्हणाली, "माय, आता परीक्षा झाल्यावरच येते."

त्या दुपारी ऊन रणरणत होतं आणि बाज अंगणातच. असं कधी झालं नव्हतं. जीजी उंबऱ्यावर बसून सडकेकडं बघत होती. मी धावत जाऊन बाजेचा पाय धरला. "अहो जीजी, परतणी विसरलात की काय!"

"राहू द्या," ती म्हणाली. "टिकंल आता ती."