बाजारच्या पोह्यांना फोडणी

तयार पोह्यांना पुन्हा फोडणी घालणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. ती मी. लग्न होऊन रत्नागिरीकडून उज्जैनला आले, त्या पहिल्याच रविवारी सासऱ्यांनी टॉवर चौकातून पोहे आणले. पुडी सोडली तर आत वाफवलेले, फिकट पिवळे पोहे. नारळाचा पत्ता नाही, मोहरी शोधावी लागेल इतकी, आणि वर बडीशेप. मला वाटलं, दुकानदाराने घाईत अर्धेच करून दिलेत, पुढचं घरी करायचं असतं. मग काय, कढई चढवली. तेल, हिंग, मिरच्या, कढीपत्ता, वर माहेरच्या नारळाचा खव. पोह्यांवर शेव आधीच घातलेली होती, तिचा मस्त लगदा झाला. सासऱ्यांनी एक घास घेतला आणि दही मागितलं. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, तुमच्याकडे भजीसुद्धा विकत आणून परत तळतात का?"

चूक कबूल करीन तर ती मी कसली. त्या शहाण्या मुलीने नाक वर करून जाहीर केलं की आजपासून या घरात बाजारचे पोहे येणार नाहीत, मी करीन तेच. तिला वाटलं, केवढा बाणेदारपणा. पुढे जन्मभर दर रविवारी अर्धं उज्जैन टॉवरवर आयते पोहे-जलेबी खात होतं आणि ही बाणेदार बाई डोळे पुसत कांदा चिरत होती.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण म्हणजे आमचे हे. बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं ऑपरेशन झालं. हाड जुळलं, आता चाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. हे चालायचे, पण पलंगापासून गॅलरीतल्या खुर्चीपर्यंत. तिथून रस्त्यावरच्या रिक्षा बघायच्या आणि चहा मागायचा. दुखत नव्हतं. भीती बसली होती, आणि ती बोलून दाखवायची सोय नव्हती.

मुलगा कोचीला असतो. त्याचा रोज फोन. "आई, इथे समुद्राला लागून निवृत्त लोकांची वसाहत आहे. लिफ्ट, डॉक्टर, जेवण, सगळं. दोन खोल्या बघून ठेवल्यात. आणि तू तर समुद्राकाठचीच."

त्याने फोटो पाठवले. वेताच्या खुर्च्यांवर म्हातारी जोडपी ओळीने समुद्राकडे तोंड करून बसलेली. एकमेकांशी बोलताना एकही दिसेना. आम्ही माधव नगरच्या घरात दिवसभर भांडत असतो, पंख्यावरून, बातम्यांवरून, दुधाच्या सायीवरून. तिथे समुद्रापुढे कसं भांडणार? शिवाय परक्या स्वयंपाकघरात नवी सून मी एकदा होऊन बसले आहे. तेवढी हौस पुरे.

"बाबा टॉवरपर्यंत स्वतःच्या पायांनी गेले तर मी हा विषय काढणार नाही," मुलगा म्हणाला. "दिवाळीला येतोय. नाहीतर सामान बांधायचं."

त्या रविवारी मी पोहे केले नाहीत. साडी बदलली, पिशवी घेतली आणि निघाले. परत आले तेव्हा हे खुर्चीतच होते.

"काय खाल्लंस?" तोंडाला जीरावनचा वास येत असणार. हा मसाला इकडे पोह्यांवर भुरभुरतात, तो लपत नाही.

"पोहे. टॉवरवरचे."

"तू?" ह्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "आणि माझं पार्सल?"

"या घरात बाजारचे पोहे येत नाहीत. तुम्हाला ठाऊक आहे."

"मग घरी कर."

"आता होत नाही हो माझ्याने. कांदा डोळ्यांना झोंबतो."

"कमाल करतेस. म्हातारपणी उपाशी मारणार काय?"

"उपमा केलाय. झाकून ठेवलाय."

उपमा ह्यांना आवडत नाही. पुढच्या रविवारी पुन्हा उपमाच. त्याच्या पुढच्या रविवारी मी चपला घालत होते तर मागून काठीचा आवाज आला. "फाटकापर्यंत येतो. त्यापुढे नाही."

फाटकापर्यंतच आले. मग रोज संध्याकाळी थोडं थोडं पुढे. औषधाच्या दुकानाचा कोपरा, मग शिंप्याची पायरी. तिथे एकदा चेहरा पांढरा पडला. लोक थांबले, कोणी म्हणालं, "आंटीजी, रिक्षा बुलाएँ?" मी म्हटलं, "रहने दो भैया, ये उपमा खाके आये हैं।" हे चिडले. चिडले की चालतात, हे मला एवढ्या संसारात कळलंय. हात मी धरला नाही. पुढे राहिले, एका हाताच्या अंतरावर, पडले तर माझ्यावर पडतील असं.

दिवाळीचा फराळ अजून डब्यांत भरायचा होता, तेव्हा मुलगा आला. दुसऱ्या सकाळी हे दाढी करून, बँकेत जायचा शर्ट घालून दारात उभे. मुलगा म्हणाला, "बाबा, गाडी काढू?"

"तुला बसायचं तर बस गाडीत. आम्ही चाललो."

शिंप्याच्या पायरीशी हे थांबले. मुलाने हात पुढे केला, मी त्याच्या दंडाला धरून मागे ओढला. ह्यांनी दोन श्वास घेतले आणि काठी पुढे टाकली.

टॉवरवरच्या पोहेवाल्याने स्टूल पुसून दिलं. "बाबूजी, बहोत दिन बाद. सेव ज़्यादा?" म्हणजे हे इथे माझ्या नकळत येत होते तर.

"ज़्यादा," हे म्हणाले, आणि बसले. शर्ट पाठीला चिकटला होता. मुलाने त्यांची काठी घेऊन भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "आई, त्या दोन खोल्या नकोत म्हणून कळवून टाकतो," आणि जलेबी आणायला गेला.

मी प्लेटमधली शेव पोह्यांत कालवत होते. ह्यांनी पहिला घास घेतला, सावकाश चावला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "अगं, ह्या पोह्यांना फोडणी घालायची राहिली वाटतं. घरी नेऊन घालतेस का?"