लाखेचा तवा

न्यूझीलंडमधल्या पोरिरुआत मी ज्या औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट होते, तिथे दर महिन्याला ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला एक आजोबा यायचे. भर थंडीत पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला. तिथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारायचे, पण घरी आमच्यासाठी ते क्लॅरिनेटवाले आजोबाच होते. कारण गोळ्या तयार होईपर्यंत त्यांच्या तोंडी एकच विषय असायचा, जाझच्या अगदी सुरुवातीच्या काळातला एक क्लॅरिनेटवादक.

खोटं कशाला बोलू, आधी मला कंटाळा यायचा. मागे रांग लागलेली आणि हे सांगताहेत की त्याचे वडील विड्या वळायचे, क्लॅरिनेट तो एका न्हाव्याकडे शिकला. पुढे दात पडले, वाद्य सुटलं, आणि उरलेलं आयुष्य त्याने लाँड्रीची गाडी चालवली. त्याची मोजून सात गाणी ध्वनिमुद्रित झाली. ग्रामोफोनच्या तव्यांवर बँडचं नाव होतं, याचं कुठेच नाही. वेलिंग्टनच्या बंदरात काम करणाऱ्या आजोबांच्या वडिलांना ते तवे एका खलाशाने दिले होते. आजोबा लहानपणापासून तेच ऐकत आले होते. महिन्यामागून महिने गेले आणि त्या माणसाचं पुढे काय झालं हे मीच विचारायला लागले.

एकदा आजोबा गोळ्या घेऊनही काउंटरपाशीच घुटमळले. ते आता वृद्धाश्रमात जाणार होते. एकच खोली, तिथे ग्रामोफोन मावणार नव्हता. ती सात गाणी सीडीवर कुणी उतरवून देईल का, असं त्यांनी विचारलं. माझा नवरा आयटीतला, त्यामुळे मी परस्पर हो म्हणून टाकलं. त्यांनी ग्रामोफोन आणि चार तवे आमच्या घरी आणून दिले. सगळ्यात वरचा तवा दाखवून म्हणाले, "हा सांभाळ. यात तो एकटा वाजवतो."

आता माझा स्वभाव. घासलेलं भांडंसुद्धा मी पुन्हा विसळून घेते. तव्यांवर वर्षानुवर्षांची धूळ दिसली आणि माझे हात शिवशिवले. फार्मसिस्टच्या हाताला स्वच्छता म्हटलं की स्पिरिटच सुचतं. कापसावर भरपूर घेतलं आणि सगळ्यात वरचा तवा चांगला गोल गोल पुसून काढला.

कापूस तपकिरी झाला. मळ निघाला म्हणून आधी मी खूश झाले. मग वास आला. तो वास माझ्या ओळखीचा होता. पुण्याला कॉलेजच्या प्रॅक्टिकलला आम्ही लाख स्पिरिटात विरघळवून तिचा लेप गोळ्यांना द्यायचो. जुने तवे लाखेचे असतात, हे जगात ज्यांना ठाऊक असायला हवं त्यांच्यात माझा नंबर पहिला होता.

संध्याकाळी नवऱ्याने तो तवा लावून पाहिला. फोडणी तडतडावी तसा आवाज येत राहिला, बाकी काही नाही. तो म्हणाला, "अगं, मी येईपर्यंत थांबायचं ना." मी त्याच्यावरच खेकसले आणि मग बराच वेळ रडले.

दुसऱ्या दिवशी फोन न करता मी आजोबांच्या घरी गेले आणि जे झालं ते सांगून टाकलं. त्यांनी तवा खिडकीशी उजेडात धरला, तिरपा करून पाहिला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मग तवा टेबलावर ठेवून म्हणाले, "चहा घेशील ना?"

शनिवारी ते आमच्याकडे आले. सहा गाणी नीट उतरली. त्या सहाही गाण्यांत क्लॅरिनेट बाकीच्या वाद्यांच्या मागे मागे होती. नवरा कॉम्प्युटर बंद करायला लागला तेव्हा आजोबांनी माइक आहे का विचारलं. तो समोर ओढला, ओठ ओले केले आणि सातवं गाणं शीळ घालून वाजवलं. अख्खं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मधे एकदाच थांबून म्हणाले, "इथे तो श्वास घेतो," आणि पुढे सुरू झाले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तो न्हावी, ती लाँड्रीची गाडी, सगळं त्या शिळेत मला ऐकू येत होतं.

पुढची दोन वर्षं आश्रमाच्या गोळ्या पोचवायला मीच जायचे. सीडी त्यांच्या उशाशी असायची. मी माफीचा विषय काढला की ते हवामानाचं बोलायला लागायचे.

ते गेले तेव्हा त्यांच्या लेकीने मला आवर्जून बोलावलं. शवपेटीजवळ सीडी प्लेयर ठेवला होता. पहिली सहा गाणी ओलांडून तिने थेट सातवं लावलं. तिथे बसलेल्यांपैकी त्या क्लॅरिनेटवाल्याला ओळखणारं कुणी नव्हतं, पण शीळ सगळ्यांच्या ओळखीची होती. मग ती मधेच थांबली आणि आजोबांचा आवाज आला, "इथे तो श्वास घेतो."

पुढची शीळ सुरू होईपर्यंत सगळे थांबून राहिलो.