गुरुवारी एकच हॉर्न

मोटारसायकलला डंपरच्या तोडीचे दोन हॉर्न बसवून घेतले, तेव्हा ती गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. बायकोलासुद्धा नाही. मोठ्या हॉर्नवर पोलिसांचा डोळा असतो हे मला ठाऊक होतं. शिवाय आमच्या गावात एकाच्या कानात सांगितलेली गोष्ट चहा गार व्हायच्या आत भोरच्या चौकात पोचते.

मी मुळातच संशयी माणूस, आणि रस्त्यावर तर पक्का. उत्रोलीच्या जवळ आमचं गाव, कारखाना नसरापूरच्या पुढं, आणि पाळी सकाळी सातची. समोरची प्रत्येक गाडी केवळ मला आडवं करण्यासाठीच घरून निघाली आहे, असं धरून मी इतकी वर्षं जिवंत राहिलो. नसरापुरात शेअर रिक्षावाल्याला फुटपाथवर कुणी डोकं खाजवताना दिसला तरी तो हात केला समजून जागच्या जागी थांबतो. अशा वेळी माझ्या गाडीचा मूळचा हॉर्न म्हणजे सर्दी झालेली पिपाणी. एकदा एका टेम्पोच्या मागं मी ती चांगली दोन किलोमीटर वाजवली. शेवटी ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं आणि मायेनं विचारलं, "पत्ता पायजे का?" त्याच दिवशी मी वायरिंगवाल्याकडं गेलो.

वायरिंगवाल्यानं बशीएवढे दोन काळे हॉर्न काढले, एक जाड आवाजाचा आणि एक बारीक. सोबत काडेपेटीएवढा एक डबा ठेवला. हा रिले, म्हणाला. गाडीची बारीक वायर एवढे हॉर्न ओढू शकत नाही, जळून जाईल. बटण फक्त या डब्याला इशारा करणार आणि डबा बॅटरीतून थेट करंट सोडणार. मला तत्काळ वाटलं की डबा रिकामा असणार. उघडून दाखव म्हटलं.

"दादा, उघडला की बाद झाला," तो म्हणाला. "इस्वास ठेवा, न्हाईतर पिपाणी वाजवा."

विश्वास ठेवला नाही, पण हॉर्न बसवले. पुढच्या गार्डच्या आड ते दडवून वरून रेक्झिनचा काळा तुकडा बांधला. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा समोरच्या टपरीवरच्या गिऱ्हाइकाचा चहा त्याच्याच शर्टावर सांडला. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

गावात मात्र मी हॉर्न एकाच जागी वाजवायचो. आमच्या वरच्या आळीच्या खाली ओढ्याजवळ आंधळं वळण आहे, आणि पलीकडून पहाटेच वाळूचे डंपर येतात. रोज सकाळी सहा-दहाला त्या वळणावर एकदा लांबलचक दाबायचा आणि निघून जायचं. वरची आळी चढावर, मध्ये बांबूचं बेट. तिथून रस्ता दिसत नाही, फक्त ऐकू येतो.

दीड-दोन महिने गेले आणि आळीत दुधाचा घोळ सुरू झाला.

आळीत दहा-बारा घरं, आणि घरटी गाय नाहीतर म्हैस. डेअरीचा टेम्पो साडेसहाच्या सुमाराला वळणाखाली थांबतो, हॉर्न देतो, आणि लोक कॅन घेऊन उतरतात. टेम्पो पाच मिनिटांच्या वर थांबत नाही, कारण पुढं आणखी गावं असतात. तर हा टेम्पो सलग तीन गुरुवार आळीचं दूध न घेताच गेला. बाकीचे सहा दिवस सगळं सुरळीत.

आळीच्या पुढारी म्हणजे एक काकी, दोन म्हशींच्या मालकीण आणि एकंदर आळीच्या न्यायाधीश. त्यांनी मला बोलावून पुरावा मांडला.

"हल्ली त्यो दोनदा वाजवतो," त्या म्हणाल्या. "पैला वाजला की आमी धारंला बसतो. दुसरा वाजला की खाली. लई सोय झाली हुती. पर बेस्तरवारी एकदाच वाजवतो अन् पळतो. आमी आपलं बसल्यालो म्हशीखाली."

एवढं ऐकून माझ्या अंगात जो हेर संचारला तो काही केल्या उतरेना. गुरुवारीच का? कुणी म्हणालं, दत्ताचा वार, कुठंतरी दर्शनाला पळत असेल. कुणी म्हणालं, गुरुवारी तो दुसऱ्या डेअरीचं दूध चोरून भरतो. ड्रायव्हर विंझरचा, म्हणजे वेल्हे तालुक्यातला, म्हणजे पलीकडचा. एवढं कारण आम्हाला भरपूर होतं. त्याची पोरगी भोरला बारावीत शिकते आणि तिच्यासाठी त्यानं तिथं खोली घेतली आहे, हे आळीत सगळ्यांना माहीत होतं. हा रूट गेला तर डेअरी त्याला पुन्हा विंझरच्या बाजूला टाकणार आणि पोरीचं वर्ष मध्येच लटकणार, हेही. मी म्हणालो, असं तो सांगतो. पोरगी पाहिली आहे कुणी?

तक्रार अर्ज मीच लिहिला. 'सदर चालकाचे गुरुवारचे वर्तन संशयास्पद असून चालक बदलून मिळावा.' संशयास्पद हा शब्द लिहिताना मला कारखान्यातल्या पगारपत्रकावर सही करतानाही येत नाही तेवढा रुबाब आला. आळीनं सह्या केल्या, दोन म्हाताऱ्यांनी अंगठे दिले. शुक्रवारी अर्ज डेअरीत द्यायचा होता. पण त्याआधी मी चोराला रंगेहाथ पकडणार होतो. गुरुवारी मला कारखान्याची साप्ताहिक सुट्टी, एरवी मी त्या दिवशी आठपर्यंत घोरतो. त्या गुरुवारी उठलो, घोंगडी पांघरली, अर्ज खिशात घातला आणि वळणावरच्या मोरीच्या कठड्यामागं जाऊन बसलो.

साडेसहाला टेम्पो आला. ड्रायव्हरनं एकदाच लांब हॉर्न दिला. खाली उतरला, मागचं फाळकं उघडलं, आणि हात बांधून उभा राहिला. पळाला नाही. वर आळीत चरव्यांचा आवाज सुरू झाला. लोक आत्ता कुठं धारेला बसत होते. तो चढाकडं बघत होता आणि त्याचं तोंड मिनिटागणिक कडू होत होतं.

मी घोंगडीसकट कठड्यामागून उभा राहिलो. तो दोन पावलं मागं सरकला. दुसरा हॉर्न का देत नाहीस, असं मी दरडावून विचारलं.

"दुसरा कशाला?" तो म्हणाला. "म्या पैल्यापासनं एकदाच देतो. तुमच्या आळीनं गुरुवारचं दूध दुसऱ्या कुणाला लावलंय, मला काय कळत न्हाई व्हय? ज्याला घालायचंय त्यो येतो. दुसरा हॉर्न देऊन भीक मागू?"

मी म्हणालो, रोज दोनदा वाजतो, सगळी आळी साक्षीला आहे. तो म्हणाला, मग पहिला कोण वाजवतो ते धरा. मी विचारलं, पहिला वाजतो तरी किती वाजता? ते त्याला कसं ठाऊक असणार, तो तर तेव्हा उत्रोलीत असायचा. मग मीच मनात हिशेब केला. धार काढून कॅन भरायला वीस मिनिटं. साडेसहातून वीस गेली. रोज सहा-दहाला या वळणावर कोण येतं, आणि गुरुवारी कोण येत नाही?

खिशातला अर्ज मी आणखी खोल सारला.

"कागद फिरतोय म्हनं माझ्या नावाचा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "पोरीची परीक्षा होऊ द्या दादा. मग हाकला."

आता खरं सांगतो, पळवाट मी शोधली. अर्ज फाडावा, हॉर्न गुपचूप काढून टाकावेत, कुणाला काही कळणार नाही. पण पहिला हॉर्नच बंद झाला तर आळी सातही दिवस म्हशीखाली बसून राहणार आणि या माणसाचा रूट आठवड्यात जाणार. दुसरी वाट नव्हती. पाच मिनिटं थांब, म्हणालो, आणि घोंगडी सावरत घरी धावलो.

किल्ली शोधून गाडी वळणावर आणेपर्यंत पंधरा मिनिटं गेली. रेक्झिनचा तुकडा सोडला. ड्रायव्हर हॉर्नांकडं आणि मग माझ्याकडं बघत राहिला. मी डोळे मिटून बटण दाबलं.

आणि वरची आळी भरल्या कॅनसकट धावत खाली आली.

सगळ्यांच्या पुढं काकी. त्यांनी टेम्पो पाहिला, मोटारसायकल पाहिली, घोंगडीतला मी पाहिला. मागच्यांनी एकेक कॅन खाली टेकवला.

"म्हंजे," काकी सावकाश म्हणाल्या, "दोन महिनं आमी तुझ्या भोंग्यावर म्हशी पिळतोय?"

मी हो म्हणालो. मग खिशातून अर्ज काढला आणि ड्रायव्हरच्या हातात दिला. त्यानं टेम्पोच्या दिव्याच्या उजेडात तो सगळा वाचला, सह्यांसकट, अंगठ्यांसकट. संशयास्पद या शब्दापाशी तो जरा जास्त वेळ थांबला, असं मला वाटलं. मी फाडून टाक म्हणालो. त्यानं चार घड्या घालून तो सदऱ्याच्या खिशात ठेवला.

दूध भरून टेम्पो गेल्यावर आळीनं तिथंच माझा निकाल लावला. हॉर्न काढायचे नाहीत, म्हशींना त्यांची सवय लागली आहे. गुरुवारी सुट्टी असली तरी सहा-दहाला वळणावर यायचं. सुट्टी कारखान्याची, मी म्हणालो. मग म्हशीला सांग तसं, काकी म्हणाल्या. माझ्या शब्दावर मात्र आळीचा भरवसा नव्हता. म्हणून दर गुरुवारी पावणेसहाला कुणीतरी येऊन आमच्या दाराची कडी वाजवतं.

बायको म्हणते, हॉर्नचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आता यावर विश्वास कसा ठेवायचा?

पोरीची परीक्षा फेब्रुवारीत आहे. टेम्पो वेळेवर येतो. ड्रायव्हर मला बघून हात करतो, हसतो, दादा म्हणतो. एकदा मी सहज विचारलं, तो कागद टाकलास ना रे? नाही म्हणाला, जपून ठेवलाय. कशाला, ते सांगत नाही.